तो बदलेल का, आणि तोवर तिचं काय?

मार खाणारी बाई पहिल्यांदा समुपदेशन केंद्रात येते तेव्हा तिला बहुतेक वेळा घटस्फोट नको असतो. नवऱ्याला तुरुंगात धाडायचंही तिच्या मनात नसतं. ‘त्याला कुणीतरी नीट समजावून सांगा, एरवी माणूस चांगला आहे,’ एवढंच तिचं मागणं असतं. जरा वेळ बसली, पाणी प्यायली, धीर आला, की ती विचारते, ‘तो सुधारेल ना हो?’

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरं सगळीकडे मिळतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, मूल झालं की सुधारेल, जबाबदारी अंगावर पडली की सुधारेल. मैत्रिणी म्हणतात, असली माणसं कधीच सुधारत नाहीत, सोडून दे. खरं उत्तर या दोन्हींपेक्षा अवघड आहे. काही पुरुष बदलतात. बरेच बदलत नाहीत. बदल झालाच तर त्याला महिने नव्हे, वर्षं लागतात, आणि तो खरा की वरवरचा हे ओळखायच्या खुणा आहेत. त्या खुणा दिसेपर्यंत बाईने आणि तिच्या मुलांनी सुरक्षित कसं राहायचं, हा स्वतंत्र प्रश्न आहे. त्याचं उत्तर नवऱ्याच्या सुधारण्यावर टांगून ठेवता येत नाही. म्हणून दोन्ही प्रश्न इथे वेगवेगळे मांडते.

राग की ताबा?

‘त्याला राग आवरत नाही’ हे स्पष्टीकरण आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते कधी तपासून बघत नाही. ऑफिसात साहेब चारचौघांत बोलले तर हाच माणूस मान खाली घालून ऐकतो. वाहतूक पोलिसाने गाडी अडवली तर नमतं घेतो. घरी मात्र हात उचलतो, आणि तोही अनेकदा पाठीवर, दंडावर, पोटावर, जिथले वळ कपड्याखाली झाकले जातात. शेजाऱ्याने दार वाजवलं की आवाज खाली येतो. म्हणजे राग आवरता येतो. तो कुठे आवरायचा आणि कुठे नाही, हे ठरलेलं आहे.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डुलुथ नावाचं शहर आहे. तिथल्या कार्यकर्त्यांनी १९८० च्या दशकात मार सोसलेल्या बायकांचे गट बसवून त्यांना विचारलं, तुमच्या घरात नेमकं काय काय घडतं? त्यांच्या सांगण्यातून एक चाकाचं चित्र तयार झालं. आज जगभर या विषयाच्या प्रशिक्षणात ते वापरतात. चाकाच्या मध्यभागी आहे सत्ता आणि ताबा. आऱ्या आहेत त्या रोजच्या गोष्टींच्या: धाक दाखवणं, पाणउतारा करणं, माणसांपासून तोडणं, पैशाची नाडी हातात ठेवणं, मुलांना हत्यार म्हणून वापरणं, ‘मी कुठे मारलं, जरा ढकललं’ म्हणून झाल्या प्रकाराला लहान करणं. शारीरिक आणि लैंगिक हिंसा आहे ती बाहेरच्या धावेवर. ती सगळ्या आऱ्या जागच्या जागी धरून ठेवते. दोन वर्षांपूर्वी एकदाच बसलेली थप्पड आज नुसत्या डोळे वटारण्यालाही वजन देते.

आपल्या घरांतल्या आऱ्या ओळखीच्या आहेत. पगार झाला की एटीएम कार्ड काढून घ्यायचं. माहेरचा फोन स्पीकरवर घ्यायला लावायचा. भावाच्या लग्नाला दोनच दिवस पाठवायचं, तेही रुसून. दुकानदाराशी हसून बोलली तर रात्री चारित्र्याचा पंचनामा. ‘मुलं माझी आहेत, तू एकटी चालती हो.’ भारताच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने ही गोष्ट नीट ओळखली आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक असे हिंसेचे चारही प्रकार येतात. एकदाही हात न उचलता वर्षभर घरखर्चाला पैसे न देणारा नवरा त्यात बसतो.

हे समजून घेणं का गरजेचं आहे? कारण दुखणं रागाचं असेल तर राग आवरायला शिकवलं की काम झालं. दुखणं ताब्याचं असेल, तर राग आवरायला शिकलेला माणूस शांत आवाजात ताबा ठेवतो.

या ताब्याला समाजाची संमतीही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, सात कारणं देऊन विचारलं होतं की या कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे का. न सांगता बाहेर जाणं, स्वयंपाक नीट न करणं, सासरच्यांचा मान न ठेवणं अशी ती कारणं. देशातल्या ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी किमान एका कारणाला होकार दिला. त्याच सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी देशात सुमारे २९ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. सांगितलं, एवढंच. न सांगणाऱ्या किती, ते कुठलंच सर्वेक्षण मोजू शकत नाही.

माफी मागतो, पाया पडतो

लेनोर वॉकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ साली हिंसेच्या चक्राची मांडणी केली. घरात ताण साचत जातो, मग स्फोट होतो, मग येतो पश्चात्तापाचा काळ. या काळात नवरा रडतो, साडी आणतो, सासूबाईंना फोन करून ‘माझं चुकलं’ म्हणतो, सगळ्यांना महाबळेश्वरला नेतो. बायकोला लग्नाआधीचा माणूस परत मिळाल्यासारखं वाटतं. सगळ्याच घरांत असं होत नाही; कित्येक घरांत पश्चात्तापाचा लवलेशही नसतो, मार आणि मौन एवढंच असतं. पण जिथे हा काळ येतो तिथे त्यालाच बदल समजण्याची चूक सर्वांत जास्त होते. नवऱ्याचं रडणं ढोंग असतं असं मी म्हणत नाही. त्या क्षणी ते खरंही असू शकतं. पण त्यातून घरातल्या सत्तेची वाटणी बदलत नाही. कार्ड त्याच्याच खिशात असतं, माहेरी जायला परवानगी लागतेच.

दारूचं तसंच. ‘पितो म्हणून मारतो, दारू सुटली की मार सुटेल,’ ही आशा महाराष्ट्रातल्या किती घरांत असेल! दारू हिंसेची धार वाढवते यात शंका नाही, आणि व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायलाच हवेत. पण दोन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधू नयेत. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी छोटा समुपदेशन कार्यक्रम घेतला आणि त्याची शास्त्रशुद्ध चाचणी केली. निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. पिणं आटोक्यात आलेल्यांचं प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात स्पष्टपणे जास्त होतं. बायकोवरच्या हिंसेत मात्र दोन गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही. निष्कर्ष तीन महिन्यांनंतरचे होते, तेव्हा त्यावरून शेवटचा शब्द काढता येणार नाही. पण दारूवर उपचार हा हिंसेवरचा उपचार आपोआप होत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

बदल घडवायचे प्रयत्न

मारणाऱ्या पुरुषांसोबत ठरवून काम करायची सुरुवात बॉस्टनमध्ये १९७७ साली ‘इमर्ज’ या गटाने केली. बायकांसाठी निवारे चालवणाऱ्या स्त्रियांनीच काही पुरुषांना सांगितलं होतं, की आम्ही बायकांना आधार देतो, पुरुषांशी तुम्ही बोला. पुढे डुलुथमध्ये न्यायालय, पोलीस आणि पुरुषगट यांना जोडणारी व्यवस्था उभी राहिली. अशा गटात पुरुष दर आठवड्याला, साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ येतात. दहा-बारा जणांचं वर्तुळ, दोन मार्गदर्शक. त्यातली एक स्त्री असावी असा प्रयत्न असतो, म्हणजे स्त्री आणि पुरुष बरोबरीने काम कसं करतात हेही समोर दिसतं.

गटात पहिले कित्येक आठवडे एकाच गोष्टीवर जातात: काय केलं ते स्वतःच्या तोंडाने, कर्तरी वाक्यात सांगणं. ‘हात लागला’ नाही, ‘मी मारलं’. ‘भांडणात ती पडली’ नाही, ‘मी तिला ढकललं’. त्याआधी तिने काय म्हटलं हे सांगायला सुरुवात झाली की मार्गदर्शक थांबवतात. पुढे प्रसंगाची नोंद करायला लावतात: मी काय केलं, त्यातून मला काय मिळवायचं होतं, त्याचा तिच्यावर आणि मुलांवर काय परिणाम झाला, त्या वेळी मी दुसरं काय करू शकलो असतो. यातला दुसरा प्रश्न सगळ्यांत जड जातो. ‘तिने गप्प बसावं म्हणून मारलं’ हे उच्चारायला कुणाला सहा आठवडे लागतात, कुणी कधीच उच्चारत नाही.

चांगल्या कार्यक्रमाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची असते. पुरुष गटात येत असताना एक वेगळी कार्यकर्ती त्याच्या बायकोच्या संपर्कात असते. घरी काय चाललंय ते तिच्याकडून कळतं, आणि नवरा कार्यक्रमाला जातो म्हणून आता सगळं ठीक होईल या भ्रमात तिला कुणी ठेवत नाही. हा दुवा नसलेला कार्यक्रम मला धोकादायक वाटतो, कारण नवऱ्याच्या हातात नुसतं प्रमाणपत्र येतं.

उपयोग किती होतो? अमेरिकेतल्या २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००४ साली आला. त्याचा निष्कर्ष निराश करणारा होता: अशा कार्यक्रमांमुळे पुन्हा मार बसण्याची शक्यता जेमतेम पाच टक्क्यांनी कमी होते. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत न्यायालयाने काही पुरुषांना कार्यक्रमाला पाठवलं, काहींना नाही, तर दोन गटांत फरक पडला नाही. पुन्हा हिंसा कमी दिसली ती ज्यांना गमावण्यासारखं काही होतं त्यांच्यात: टिकून असलेली नोकरी, कायमचं घर. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हिंसेची किंमत मोजावी लागेल हे ज्याला ठाऊक असतं, तो विचार करतो.

ब्रिटनमधल्या ‘मिराबल प्रकल्पा’चा अहवाल २०१५ साली आला, तो जास्त आशादायक आहे. तिथे बायकांनाच विचारलं होतं. कार्यक्रमाआधी ८७ टक्के जणींनी थप्पड, ढकलणं, वस्तू फेकून मारणं सांगितलं होतं. वर्षभराने हे प्रमाण ७ टक्क्यांवर आलं. शारीरिक इजा ६१ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आली. पण वर्षभरात संपर्कातून सुटलेल्या बायकाही होत्या, आणि काही जोडपी दरम्यान वेगळी झाली होती. शिवाय पाळत, टोमणे, पैशाची अडवणूक या गोष्टी मारापेक्षा हळू आणि कमी बदलल्या. हात थांबला, ताबा पुरता सुटला नाही.

महाराष्ट्रात असे लांब मुदतीचे गट हाताच्या बोटांवर मोजावे इतकेही नाहीत. पण पुरुषांनी पुरुषांशी बोलण्याची परंपरा आहे. १९९१ मध्ये मुंबईत वर्तमानपत्रातल्या एका आवाहनात विचारलं होतं, की बायकोला मारण्याविरुद्ध उभे राहायला तयार असलेले पुरुष आहेत का. दोनशेहून जास्त पुरुषांनी पत्रं पाठवली. त्यातून १९९३ मध्ये ‘मावा’ ही संघटना उभी राहिली. तिचा ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक अनेकांच्या परिचयाचा आहे. पुण्यात नारी समता मंचात विद्या बाळ यांच्या पुढाकाराने ‘पुरुष संवाद केंद्र’ सुरू झालं. ‘मावा’चा भर मुख्यतः तरुण मुलांवर, हात उगारायची सवय लागण्याआधीच्या वयावर राहिला, आणि माझ्या मते तो योग्यच आहे.

खुणा

मग घरात बसलेल्या बाईने काय बघायचं? तो किती गोड बोलतो हे बघून काही कळत नाही. त्याच्या मनाविरुद्ध गोष्ट झाल्यावर काय करतो, हे बघावं. ती ‘नाही’ म्हणाली, माहेरी गेली, उशिरा आली, नातेवाइकांसमोर त्याचं म्हणणं खोडून काढलं, तेव्हा घरात काय होतं? खरोखर बदलत असलेला माणूस झालेल्या गोष्टी पूर्ण सांगतो, तिच्या आईवडिलांसमोरही सांगतो, ‘पण तिने’ हे शब्द न लावता. तिचा राग आणि अविश्वास वर्षभर टिकला तरी ‘आता किती दिवस तेच उगाळणार’ असं म्हणत नाही. कार्ड, कागदपत्रं, फोन परत देतो. ती वेगळी राहते आहे म्हणून मुलांचा खर्च बंद करत नाही. ती परत आली तरच सुधारेन, अशी अट घालत नाही.

ही शेवटची खूण मला सगळ्यांत खात्रीची वाटते. ‘तू आलीस तरच मी गटाला जाईन, दारू सोडेन’ हा सौदा आहे. ज्याला बदलायचं असतं तो बायको परत येवो न येवो, जातो.

उलट्या खुणाही सांगायला हव्यात. गटाला तीनदा जाऊन ‘मला सगळं कळलं’ म्हणणारा. समुपदेशकाचे शब्द शिकून तेच बायकोवर उलटवणारा (‘तूच माझ्यावर मानसिक हिंसा करतेस’). केंद्रात नम्र आणि रिक्षात बसल्याबरोबर ‘तिथे काय काय सांगितलंस?’ विचारणारा. इथे बाईच्या पोटातल्या भीतीवर विश्वास ठेवावा. त्याच्या गाडीचा आवाज ऐकून आजही छातीत धस्स होत असेल, तर बदल अजून तिच्यापर्यंत पोचलेला नाही.

एकत्र बसवण्याचा धोका

आपल्याकडे पहिली सूचना येते ती दोघांना समोरासमोर बसवायची. कधी पोलीस ठाण्यात, कधी जातपंचांपुढे, कधी मामाच्या घरी. दोघांच्याही चुका काढतात, शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर ‘यापुढे नीट नांदवीन’ असं लिहून घेतात आणि बाईला गाडीत बसवून देतात. दोन सारख्या ताकदीच्या माणसांचं भांडण मिटवायला ही रीत ठीक आहे. ज्या घरात एकाला दुसऱ्याची भीती वाटते तिथे बाई समोरासमोर खरं बोलूच शकत नाही. बोललीच तर त्याची किंमत घरी गेल्यावर देते.

२००६ च्या कौटुंबिक हिंसाचार नियमांतला १४ वा नियम या बाबतीत फार शहाणा आहे, आणि तो पुरेसा कुणी वाचत नाही. न्यायालय समुपदेशनाला पाठवतं तेव्हा आधी त्या पुरुषाने हिंसा करणार नाही अशी हमी द्यायची असते. आणि समुपदेशनात त्याला आपल्या हिंसेचं समर्थन मांडूच द्यायचं नाही, हे त्याला सुरुवातीलाच बजावायचं असतं. ‘तिने उलट उत्तर दिलं म्हणून’ या वाक्याला तिथे जागा नाही. मध्यस्थी करणाऱ्या प्रत्येक मामा-काकाने हा एक नियम पाळला तरी बैठकांचा सूर बदलेल.

शिकलेल्या हातांनी हे काम कसं होतं ते बघायचं तर टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेला स्त्रिया व मुलांसाठीचा विशेष कक्ष बघावा. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या आवारात बसते. ती आधी बाईला एकटीला भेटते, तिला काय हवं ते विचारते, आणि नवऱ्याला बोलावते तेव्हा पाठीशी पोलिसांचं वजन असतं. आज राज्यात अनेक ठिकाणी असे कक्ष आहेत.

जिवाला धोका आहे का?

बदलाची वाट पाहणं परवडतच नाही, अशा काही परिस्थिती आहेत. त्याने कधी गळा दाबला असेल, तर तो इशारा सर्वांत वर ठेवावा. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेल्या स्त्रीचा पुढे खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त आढळली. गळ्यावर वळ दिसेलच असं नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, चक्कर येणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात जावं आणि गळा दाबला होता हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. जीव घ्यायची किंवा स्वतःचा जीव द्यायची धमकी, घरात हत्यार, रॉकेल-पेट्रोल अंगावर ओतणं, गरोदरपणात मार, जबरदस्तीचा संबंध, दिवसभराच्या हालचालींवर पाळत ही बाकीची मोठी लक्षणं. आणि सर्वांत धोक्याचा काळ बाई निघून जाते त्याच्या आसपासचा असतो, कारण ताबा सुटतोय हे त्याला तेव्हा कळतं. म्हणून ‘मी चालले’ हे त्याला आधी सांगू नये.

निघण्याची तयारी शांतपणे, आधीपासून करता येते. आधार, पासबुक, लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला, शाळेचे कागद, दागिन्यांच्या पावत्या यांच्या प्रती विश्वासातल्या एका माणसाकडे ठेवाव्या. रोजची औषधं आणि थोडी रोकड वेगळी काढावी. फोनवर त्याला लोकेशन दिसतं का, ईमेलचा पासवर्ड त्याला माहीत आहे का, हे बघावं. हेल्पलाइनला शक्यतो दुसऱ्याच्या फोनवरून बोलावं. भांडण पेटलं की स्वयंपाकघरातून बाहेर पडावं, दाराजवळच्या खोलीत यावं. मुलांना एवढंच शिकवावं, की मध्ये पडायचं नाही, शेजारच्या काकूंकडे पळायचं. बाईसोबत बसून अशी सुरक्षा योजना लिहिणं हे संरक्षण अधिकाऱ्याचं कामच आहे. नियमांत त्यासाठी पाचव्या क्रमांकाचा नमुना दिलेला आहे.

कायद्याची वाट

२००५ चा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे, म्हणून ‘त्याला जेल नको, मार थांबायला हवा’ म्हणणाऱ्या बाईला तो उपयोगी पडतो. महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जावं. ते घटनेचा अहवाल लिहून घेतात. त्यासाठी आधी गुन्हा नोंदवलेला असण्याची गरज नाही. त्यांच्यामार्फत किंवा बाईला स्वतःलाही न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अर्जासोबतच अंतरिम आदेश मागायला विसरू नये. मारू नये, कामाच्या ठिकाणी येऊ नये, घरातून काढू नये, खर्चाला पैसे द्यावेत, मुलांचा तात्पुरता ताबा आईकडे असावा असे आदेश मिळू शकतात. संरक्षण आदेश मोडला की तो गुन्हा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तुझा हक्क नाही, असं अजूनही सांगितलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात स्पष्ट केलं, की सासरच्यांच्या मालकीचं घरही, ती तिथे संसार करून राहिली असेल तर, सामायिक घर ठरू शकतं.

फौजदारी वाट वेगळी आहे. छळाविरुद्धचं जुनं ४९८-अ कलम आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमात आहे. तक्रार केली की नवरा लगेच आत जातो, हा समज खरा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेशकुमार निकालापासून पोलिसांना अटकेची गरज कागदावर दाखवावी लागते. म्हणजे तक्रार देऊन घरी परतल्यावर तो तिथेच असू शकतो, याची तयारी ठेवूनच जावं. वकिलाची फी नाही म्हणून अडू नये. स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, त्यांचा क्रमांक १५१००. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१. ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवस राहायची सोय, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत एका ठिकाणी मिळते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेला ‘दिलासा’ विभाग पुढे इतर महापालिका रुग्णालयांतही गेला. दवाखान्याला जाते म्हणून घराबाहेर पडता येणाऱ्या बाईला तो पोलीस ठाण्यापेक्षा सोपा वाटतो. अमेरिकेत नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या, पासपोर्ट त्याच्याच कपाटात असलेल्या मराठी मुलींना न्यू जर्सीतली ‘मानवी’ ही संस्था माहीत असावी. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी ती १९८५ पासून काम करते.

माहेरच्यांनी

त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के जणींनी मदत मागितल्याचं दिसलं, आणि मागितली ती सर्वांत जास्त स्वतःच्या घरच्यांकडे. म्हणजे या सगळ्या व्यवस्थेची पहिली खिडकी आई, बहीण, वहिनी आहे. तिथे ‘तू काय बोललीस त्याला?’ हा पहिला प्रश्न आला की खिडकी बंद होते. ‘बरं झालं सांगितलंस, यात तुझी चूक नाही, आज रात्री घरी जायला सुरक्षित वाटतंय का?’ असं विचारावं. निर्णय तिला घेऊ द्यावा. नवऱ्याने तिच्यासाठी सगळं ठरवलं, आता भावाने ठरवू नये. धाकटीच्या लग्नाचा विषय त्या दिवशी काढू नये. भावाने चार मित्र घेऊन नवऱ्याला धडा शिकवायला जाऊ नये. त्याचा हिशेब तिच्याकडूनच चुकता होतो.

ती परत जाईल, ही शक्यता धरून चालावं. बऱ्याच जणी कायमच्या बाहेर पडण्याआधी एकापेक्षा जास्त वेळा परततात: मुलांची शाळा, पैसे, आणि तो बदलेल ही आशा. ‘आता आलीस तर दार बंद’ असं म्हटलं, की पुढच्या वेळी ती सांगणारच नाही. त्याऐवजी तिच्यासोबत ठरवून घ्यावं: फोन कुठल्या वारी, किती वाजता होईल; तो शेजारी असेल तर संकट कळवायचा शब्द कोणता. तिच्या कागदांची पिशवी आपल्याकडेच राहू द्यावी आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला ती पिशवी कुठे आहे ते सांगू नये. ठरलेला शब्द आला, किंवा ठरलेला फोन आलाच नाही, तर ‘सगळं ठीक ना?’ म्हणून जावयाला फोन लावू नये. ११२ लावावा, तिचा पत्ता सांगावा, आणि कुणालातरी सोबत घेऊन निघावं.